न आलेली दुसरी लाट

हणमंतराव बिरादारांची आणि माझी ओळख पहाटे साडेपाच वाजता त्यांच्या अंगणात झाली. माझी मुलगी त्रिवेणी तेव्हा तीन वर्षांची होती. तिला कडेवर घेऊन, पायांत चपला न घालता मी जिना उतरून खाली धावले होते आणि सगळ्यांनी घराबाहेर यावं म्हणून ओरडत होते. हणमंतराव नळापाशी दात घासत उभे होते. त्यांनी चूळ भरली, तोंड पुसलं आणि शेजारच्या भिंतीकडे बोट करून सांगितलं की हा भूकंप नाही, भाग्यलक्ष्मीच्या टिफिन सेंटरचा ग्राइंडर आहे, इडलीचं पीठ झालं की सहाला थांबेल.

चूक माझी होती, पण ती माझ्या गावच्या कुणीही केली असती. मी पाटणची. कोयनेच्या खोऱ्यात जमीन हलण्याची लहानपणापासून सवय असते. सवयीने भीती जात नाही, फक्त तिची तयारी होते. आमच्या स्वयंपाकघरात फळीच्या अगदी कडेला स्टीलच्या तीन वाट्या एकावर एक ठेवलेल्या असत. त्या वाजल्या की कुणी कुणाला न विचारता अंगणात जायचं, हा आईचा नियम. लग्न होऊन हैदराबादला आले तेव्हा वाट्या माझ्याबरोबर आल्या. माझा नवरा प्रशांत जन्माने इथलाच. त्याने आधी समजावलं, मग चिडवलं, शेवटी वाट्यांकडे बघणं सोडून दिलं. चिक्कडपल्लीतल्या या घरात वरच्या मजल्यावर राहायला आलो त्या दिवशी मी सगळ्यांत आधी वाट्या लावल्या, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्या वाजल्या.

हणमंतराव हसले नाहीत, हे मी अजून विसरलेले नाही. त्यांनी मला एक प्रश्न विचारला, जो पाटणमध्येही मला कधी कुणी विचारला नव्हता. "आधी धक्का बसला, की आधी डोललं?"

मी म्हटलं, दोन्ही नाही, नुसत्या वाट्या गुणगुणत होत्या.

"मग नक्को घाबरू, बाई. भूकंप असा एका सुरात बोलत नसतो. तो आधी टकटक करतो, मग आत येतो."

त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'पाटणकरीणबाई' झाले. ते आमचे घरमालक, पण भाडं वगळता मालकीचं दुसरं काही त्यांनी कधी दाखवलं नाही. त्यांच्या बायकोने, तारामतीबाईंनी, त्याच सकाळी त्रिवेणीला मांडीवर घेऊन भाग्यलक्ष्मीकडची गरम इडली भरवली. त्रिवेणी तेव्हापासून त्यांना आज्जी म्हणते आणि हणमंतरावांना, शाळेतल्या तेलुगू मैत्रिणींचं ऐकून, ताताय्या. एकाच घरात एक मराठी आजी आणि एक तेलुगू आजोबा, याचं आम्हाला आता काही वाटत नाही.

हणमंतराव निलंगा तालुक्यातले. चुलत्याचं कोठीला जुन्या पुस्तकांचं दुकान होतं, तिथे हाताखाली काम करायला म्हणून ते हैदराबादला आले. बाविसाव्या वर्षी एका भूकंप वेधशाळेत त्यांना अटेंडंटची नोकरी लागली. काम ऐकायला सोपं होतं. रोज सकाळी नऊच्या ठोक्याला यंत्राच्या पिंपावरचा कालचा कागद काढायचा आणि आजचा चढवायचा. पण तो कागद साधा नसे. गुळगुळीत पांढरा कागद रॉकेलच्या भडक्यावर फिरवून त्यावर काजळी धरायची, सगळीकडे सारखी, कुठे दाट नाही, कुठे विरळ नाही. त्या काजळीवरून सुई दिवसभर एक बारीक पांढरी रेघ ओढत राही. काढताना कुणाचं बोट लागलं तर चोवीस तासांची जमीन पुसली जायची. म्हणून काढलेला कागद लगेच लाखेच्या द्रावणात बुडवून दोरीवर वाळत घालायचा. लाख बेगम बाजारातून आणायची आणि स्पिरिटमध्ये विरघळवायची, हेही त्यांच्याकडेच होतं.

तारामतीबाईंना पाहायला ते गेले तेव्हा त्यांच्या नखांत ती काजळी होती. मुलीच्या वडिलांनी, लक्ष्मणरावांनी, बराच वेळ त्या नखांकडे पाहिलं आणि मध्यस्थाला बाजूला घेऊन विचारलं की मुलगा सरकारी नोकरीत आहे म्हणालात, मग हा कोळशाच्या वखारीत कसा काय? तारामतीबाई ही गोष्ट अजून दर महिन्याला एकदा तरी सांगतात, आणि शेवटी म्हणतात की वखारवाला परवडला असता, तो निदान सुट्टीच्या दिवशी घरी राहिला असता. हणमंतराव सुट्टीच्या दिवशीही कागद बदलायला जात. पृथ्वी रविवार पाळत नाही, हे त्यांचं म्हणणं.

कागदावरची रेघ वाचणं हे साहेबांचं काम होतं. हणमंतरावांनी ते शेजारी उभं राहून शिकून घेतलं. वेधशाळेच्या नोंदवहीत शेवटचा रकाना असे 'वाचणाऱ्याचे नाव'. अडतीस वर्षांत त्या रकान्यात त्यांचं नाव एकदाही आलं नाही, येण्याचं कारणही नव्हतं. पण एकदा त्यांनी सगळ्यांच्या आधी वाचलं. एकोणीसशे त्र्याण्णवच्या सप्टेंबरचा शेवटचा दिवस होता, त्यांची पाळी होती. नाजूक यंत्राची सुई कागदाबाहेर गेली होती. शेजारच्या कमी नाजूक यंत्रावर मात्र आधीची आणि मागची, दोन्ही लाटा स्वच्छ उमटल्या होत्या. त्यांनी पट्टी लावून दोन्हींमधलं अंतर मोजलं, सेकंद काढले, आठने गुणले. सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास आलं. भिंतीवरच्या नकाशावर त्यांनी हैदराबादवर कंपास रोवून वर्तुळ काढलं तर ते त्यांच्या गावाच्या अंगावरून गेलं. एवढं सांगून ते थांबतात. त्यांच्या घरची सगळी माणसं ओसरीवर झोपली होती म्हणून वाचली, आजूबाजूच्या गावांत तसं झालं नाही. या गोष्टीनंतर ते नेहमी एकच वाक्य बोलतात, की ज्याची जमीन आहे त्याला ती वाचता आली पाहिजे.

आता यंत्राकडे येते, कारण ही सगळी गोष्ट त्यामुळेच लिहिते आहे.

त्रिवेणी आता आठवीत आहे. गेल्या जुलैत तिच्या शाळेत एका संशोधन संस्थेतून सौरभ नावाचा तरुण शास्त्रज्ञ आला. पुण्याचा, लाघवी, सतत घड्याळाकडे पाहणारा. संस्था काही ठिकाणी छोटी भूकंपमापक यंत्रं वापरायला देणार होती, मुलांनी नोंदी करायच्या होत्या. शाळेची इमारत रस्त्याला चिकटून आणि पाया भरावाचा, म्हणून ती बाद झाली. तेव्हा माझ्या मुलीने मला न विचारता वर्गात हात वर केला आणि सांगितलं की आमच्या जिन्याखाली खडक आहे.

तो खडक आहे हे खरं. हैदराबादच्या जुन्या वस्त्यांत घर बांधताना जो दगड फुटला नाही तो तसाच ठेवून त्याभोवती भिंती घातलेल्या दिसतात. आमच्या जिन्याखालचा गुलाबी-करडा पाषाण म्हशीच्या पाठीएवढा वर आला आहे आणि खाली किती गेला आहे ते कुणालाच माहीत नाही. तारामतीबाई त्यावर पापड वाळवत. सौरभने येऊन हातोडीने त्याला दोन टोले मारले, कान लावला आणि पापडांची जागा घ्यायला आधी त्यांची परवानगी मागितली. दुसऱ्या आठवड्यात डब्याएवढं यंत्र त्या पाषाणावर बसलं, त्याची तार आमच्या जुन्या संगणकाला जोडली गेली आणि पडद्यावर एक निळी रेघ सरकू लागली. हणमंतरावांनी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला होता. तारामतीबाईंनी यंत्राला हळदकुंकू लावलं आणि जाहीर केलं की सवत घरात आली आहे तर रीतसर आलेली बरी.

यंत्र तीन महिन्यांसाठी होतं. त्यानंतर ते राहणार की जाणार हे एका गोष्टीवर ठरणार होतं. शहरातली गडबड इतकी असते की दूरच्या भूकंपाची बारीक लाट तिच्यात बुडून जाते, असं सौरभने समजावलं. तीन महिन्यांत निदान एक दूरचा भूकंप इथे स्वच्छ वाचता आला, तर यंत्र कायम. नाही तर ते शहराबाहेर शमीरपेटच्या बाजूला एका शांत शाळेत जाईल. मुदत दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी संपत होती.

पहिले काही आठवडे मला यंत्र जावं असंच वाटत होतं. त्रिवेणी गणिताची शिकवणी बुडवत होती, जिन्याखाली पाली होत्या, तारेला शॉक लागेल अशी मला भीती होती, आणि घरात भूकंपाचं नाव रोज घेतलं जातंय हे मला अशुभ वाटत होतं. यातलं मी सगळं बोलून दाखवलं, काही दोनदा. मग एका संध्याकाळी हणमंतराव त्रिवेणीला शिकवत होते ते जिन्यावर बसून ऐकलं.

ते म्हणत होते की भूकंपातून एकाच क्षणी दोन लाटा निघतात. पहिली ढकलणारी. आरटीसीच्या गच्च भरलेल्या बसला ब्रेक लागतो तेव्हा पुढचा माणूस मागच्यावर रेलतो, तो त्याच्या मागच्यावर. माणसं आपापल्या जागीच असतात, पण धक्का बसच्या या टोकापासून त्या टोकाला जातो. ही लाट दगडातून जाते, पाण्यातून जाते, हवेतूनही जाते, हवेतून गेली की तिला आवाज म्हणतात. दुसरी लाट झटकणारी. दोघी जणी ओली साडी दोन टोकांनी धरून झटकतात तशी, साडी आडवी हलते आणि लाट पुढे पळते. ही दुसरी नेहमी मागे राहते. कोठीहून दोघं एकदमच निघाले, एक स्कूटरवर आणि एक सायकलवर, तर नारायणगुडाला दुसरा थोडा उशिरा पोचतो आणि पुढे चिक्कडपल्लीला आणखी उशिरा. जितकं लांब जाल तितकी दोघांत फट मोठी. ती फट मोजली की भूकंप किती दूर झाला हे घरबसल्या कळतं.

मला पाटणमधली एक दुपार आठवली. खिडकीची तावदानं आधी नुसती थरथरली होती, आई म्हणाली होती "आला", आणि आम्ही उंबऱ्यापर्यंत पोचेपर्यंत भिंत डोलली होती. ती मधली फट आम्ही धावण्यात घालवली. तिला मोजता येतं हे मला चाळिसाव्या वर्षी, जिन्यावर बसून कळलं. त्यानंतर मी शिकवणीचं बोलणं कमी केलं. पूर्ण बंद केलं असं म्हणवत नाही.

पण दूरचा भूकंप काही मिळेना. ऑगस्टमध्ये जपानजवळ एक झाला, तो बरोबर ग्राइंडरच्या वेळी आला. सप्टेंबरमध्ये इंडोनेशियात एक झाला, तेव्हा गणपतीच्या मिरवणुकीचा ट्रक घरासमोर उभा होता. भाग्यलक्ष्मी मनाने फार चांगली, तिने ग्राइंडरखाली जुन्या टायरचे तुकडे ठेवले, पण इडली तर तिला रोज विकायचीच होती. मग बतुकम्माचा सण सुरू झाला. नऊ संध्याकाळी आमच्या गल्लीत फुलांचे मनोरे मांडून चाळीस-पन्नास बायका टाळ्या वाजवत, पाय टाकत फेर धरतात, आणि त्यांची पुढारी भाग्यलक्ष्मी. पडद्यावर प्रत्येक पावलाचं एक शिंग उमटे. हणमंतराव ते पाहून खूश व्हायचे. कोण लयीत आहे आणि कोण नाही हे ते पडदा बघून सांगत. पण दिवस मोजायचेही त्यांनी सोडले नव्हते. कॅलेंडरवर दसऱ्यापुढच्या चौकोनात त्यांनी पेन्सिलीने काहीच लिहिलं नव्हतं, नुसता एक ठिपका दिला होता.

बतुकम्माचा शेवटचा, सगळ्यांत मोठा दिवस आला. संध्याकाळ झाली होती, तंगेडूच्या पिवळ्या फुलांचे मनोरे गल्लीत ओळीने मांडले होते, फेर सुरू झाला होता. मी नवी साडी नेसून त्यात होते. सात वाजून अकरा मिनिटांनी त्रिवेणी फोन घेऊन धावत आली. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेला, समुद्रात, मोठा भूकंप झाला होता. किनाऱ्यापासून खूप दूर, नुकसानीची बातमी नव्हती. झाला होता सात वाजून दोन मिनिटांनी.

हणमंतराव आतून म्हणाले, "नऊ मिनिटं गेली. अजून अकरा आहेत. पहिली लाट वीस मिनिटांत इथे."

ती लाट त्या क्षणी आमच्या पायांखाली, पृथ्वीच्या पोटात कुठेतरी, आमच्याकडे येत होती. आणि आमच्या गल्लीत पन्नास बायका पाय आपटत होत्या. त्रिवेणी माझ्याकडे बघत होती.  सणाच्या दिवशी बायकांचा फेर थांबवा असं हणमंतरावांनी कधीच म्हटलं नसतं, यंत्र गेलं असतं तरी.

मी वळले आणि फेराच्या मधोमध जाऊन हात वर केले. "आगंडी," मी ओरडले, थांबा. माझं तेलुगू भाजी घेण्यापुरतं आहे. त्यात भूकंप, अमेरिका आणि वीस मिनिटं कशी बसवली ते मला आठवत नाही. भाग्यलक्ष्मीने एवढंच विचारलं, "अक्का, पेद्दायनाची पेटी जाईल का?" पेद्दायना म्हणजे वडीलधारी माणूस, हणमंतरावांना ती तेच म्हणते. मी म्हटलं, आज काही दिसलं नाही तर जाईल. तिने टाळी वाजवली, सगळ्यांना खाली बसवलं, स्वतः आत जाऊन ग्राइंडरचाच नव्हे तर फ्रिजचाही खटका बंद केला, आणि गल्लीच्या तोंडाशी दोन पोरींना उभं केलं, कुणी स्कूटर आणली तर ढकलत आणायला लावायची म्हणून. नव्या साड्या नेसलेल्या पन्नास बायका फुलांभोवती मांडी घालून गप्प बसल्या. या गल्लीत मी दहा वर्षांत अशी शांतता ऐकली नव्हती.

पाच मिनिटं तशीच गेली. आणि मग मला आठवलं की वर गॅसवर कुकर आहे, आणि मी शिट्ट्या मोजलेल्या नाहीत.

सगळ्यांना गप्प बसवून मीच उठले. पदर कंबरेला खोचला, अनवाणी, टाचा वर उचलून जिना चढले. कुकर बंद केला. त्याची वाफ जाण्याची वाटही न बघता परत खाली आले. येताना कुणाला कळू नये अशी मनात प्रार्थना करत होते. कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. सगळे पडद्याकडे बघत होते.

सात एकवीस. रेघ सरळ होती. इतकी सरळ मी ती कधी पाहिली नव्हती. हणमंतरावांचा हात पाषाणावर टेकलेला होता, जणू त्यांना यंत्राआधी कळणार होतं. सात बावीसला काही सेकंद कमी असताना रेघेने एक उसळी घेतली. मग दोन, तीन, छोट्या, टोकदार, आणि मागे बारीक थरथर. त्रिवेणीने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

"आला," मी म्हटलं. अगदी आईच्या सुरात. पण धावायचं नव्हतं.

त्रिवेणीला आता दुसरी लाट हवी होती. ती आली की फट मोजायची, अंतर काढायचं, नोंद पूर्ण. तिच्या हिशेबाने आणखी बारा मिनिटं लागणार होती. मी पुन्हा बाहेर जाऊन हात जोडले. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, कुणीतरी हळूच चेष्टा केली की अमेरिकेहून येणारी पाहुणी नटूनथटून येते वाटतं, आणि सगळ्या बसून राहिल्या. आम्ही पडद्याकडे पाहत राहिलो. मधूनच पहिल्या लाटेचे एकदोन पडसाद उमटले. बारा मिनिटं झाली. पंधरा झाली. दुसरी लाट आली नाही.

त्रिवेणीचे डोळे भरून आले. यंत्र बिघडलं असेल, बाहेर कुणी हललं असेल, तिचं गणित चुकलं असेल, असं ती एकापाठोपाठ एक म्हणत होती. मला कुकर आठवत होता.  आणि हणमंतराव हसत होते.

ते उठून शेजारी गेले. येताना त्यांच्या एका हातात बशीत इडली होती आणि दुसऱ्या हातात उद्याच्या पिठाचं पातेलं. त्यांनी त्रिवेणीला इडलीला बाजूने टिचकी मारायला सांगितली. इडली थरथरली, पार दुसऱ्या कडेपर्यंत. मग त्यांनी पळी पिठात खोल बुडवून आडवी हलवायला सांगितली. पीठ पळीभोवती सरकलं आणि तिथेच राहिलं. पळीपासून वीतभर दूर काहीच हललं नाही.

"दाबलं तर दोन्ही ढकलतात, बेटा. पण झटकलं तर परत जागेवर यायला अंगात ताठपणा लागतो. पिठात तो नाही." त्यांनी बोट खाली, फरशीकडे केलं. "इथून खाली तीन हजार किलोमीटरवर पृथ्वीचं पीठ आहे. लोखंडाचा रस. हा भूकंप झाला जवळजवळ आपल्या पायांखाली, पलीकडच्या अंगाला. इथे यायचं तर वाट मधूनच. पहिली आली रसातून पोहून. दुसरीला रसातून येताच येत नाही."

त्रिवेणी म्हणाली, "मग तुम्ही आधी का नाही सांगितलं? सगळ्या आंटी उगाच बसल्या."

"उगाच नाही. एखादी गोष्ट आली हे गडबडीतही दिसतं. आली नाही हे दाखवायला दुप्पट शांतता लागते. आणि आधी सांगितलं असतं तर तू पाहिलं नसतंस, नुसतं मानलं असतंस."

मी बाहेर जाऊन भाग्यलक्ष्मीला सांगितलं की पाहुणी येणार नाही, आणि ती आली नाही हीच आनंदाची बातमी आहे. यावर तिने माझ्याकडे जे पाहिलं ते मी इथे लिहीत नाही. पण मग फेर असा धरला गेला की जिन्याखाली निळी रेघ पडद्याबाहेर गेली. पाऊण तासाने बतुकम्माचे मनोरे विसर्जनाला निघाले, आणि त्याच सुमारास पृथ्वीच्या पाठीवरून, लांबच्या वाटेने, शेवटच्या लाटा पोचल्या. मोठ्या, सावकाश, एकेक हेलकावा वीस सेकंदांचा. आमच्यासकट सगळी चिक्कडपल्ली केसाहूनही बारीक वर-खाली होत होती आणि कुणाच्या वाट्या वाजल्या नाहीत.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सौरभ आला. हणमंतरावांनी पुन्हा इस्त्रीचा शर्ट घातला होता. सौरभने नोंद उघडली, मागे-पुढे केली. मग त्रिवेणीच्या कागदावर बोट ठेवून विचारलं, "दुसरी लाट लिहिली नाहीस. राहिली का?"

"आलीच नाही," त्रिवेणी म्हणाली. "ती येत नसते. मध्ये पीठ आहे." मग तिने सुधारून लोखंड म्हटलं, पण सौरभ तोपर्यंत हसायला लागला होता. त्यांच्या संस्थेच्या मोठ्या यंत्रांवरही नेमकं तसंच होतं, फक्त तिथे पन्नास बायका बसवाव्या लागल्या नव्हत्या.

एक गोष्ट मात्र त्याला कळेना. पहिल्या लाटेच्या पाच मिनिटं आधी, एवढ्या शांततेत, बारीक ठोक्यांची एक ओळ होती. थोडी जागा सोडून दुसरी ओळ. हे काय?

मी चहाचे कप उचलायला लागले. हणमंतरावांनी चष्मा लावून पडद्याकडे पाहिलं.

"या पाटणकरीणबाई. अठरा पायऱ्या वर, एकेक. खाली येताना नऊच ठोके, म्हणजे दोन-दोन उतरल्या. घाई होती." मग चष्मा काढत, "कुकर असणार."

मला वाटलं होतं कुणाला कळलं नाही.

यंत्र राहिलं. सौरभने ते तेवढ्याच सहजपणे सांगितलं जेवढ्या सहजपणे लोक चहाला साखर नको म्हणतात. मग पिशवीतून त्याने नोंदीचा छापील फॉर्म काढला. ठिकाण, तारीख, पहिली लाट, दुसरी लाट, आणि शेवटी वाचणाऱ्याचं नाव. त्रिवेणीने आपलं नाव आधीच लिहिलं होतं. सौरभ म्हणाला की जो वाचायला शिकवतो त्याचंही हवं, आणि पेन हणमंतरावांपुढे धरलं.

त्यांनी पेन घेतलं, फॉर्म पाषाणावर ठेवला आणि त्या रकान्याकडे बघत राहिले. दोनदा पेन टेकवून उचललं. "इथंच ना?" त्यांनी विचारलं. सौरभ हौ म्हणाला, त्यालाही आता इथलं पाणी लागलं आहे.

दारातून तारामतीबाई बघत होत्या. "अहो, करा की सही," त्या म्हणाल्या. "लाट बिचारी पृथ्वी ओलांडून वीस मिनिटांत आली, तुमचं पेन अजून तिथंच."